आधी रॅमचा निकाल लावा, मग प्रोसेसरला हात लावा

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत सांगतो. काही चुकत असेल तर तिथेच दुरुस्त करा. तुमच्याकडे सेकंडहँड घेतलेला इंटेल कोअर आय-फाइव्ह २५००के आहे, झेड-७७ चिपसेटचा चार स्लॉटचा मदरबोर्ड आहे, टॉवर कूलर, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॅट लिहिलेला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आहे. रॅमच्या चार-चार जीबीच्या दोन स्टिक. एक १६०० स्पीडची, दुसरी वेगळ्या कंपनीची १३३३ची, आणि दोन्ही पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी शेजारी बसवलेल्या. व्हिडिओत पाहून तुम्ही मल्टिप्लायर (मूळ १०० मेगाहर्ट्झच्या घड्याळाला गुणणारा आकडा) ४५ केला, प्रोसेसरला १.४० व्होल्टेज दिलं आणि रॅमचं एक्सएमपी हे सेटिंग चालू केलं. विंडोज सुरू होतं, पण अर्ध्या-पाऊण तासात कधी मशीन हँग होतं, कधी ब्लू स्क्रीन येते. कोड कधी १ए, कधी १२४. व्होल्टेज १.४२ करून पाहिलं, फरक नाही. वर दोन-तीन दिवस मशीन बंद राहिलं की बायोसमधलं सगळं पुसून जातं. आणि तुम्ही विचारलंय, ४.५ गिगाहर्ट्झ नीट चालायला कोणत्या रकान्यात कोणता आकडा भरू?

आकडे देतो. पण ते तुमच्या मशीनवर आज टिकणार नाहीत, कारण तुमच्याकडे एक नाही, तीन दुखणी आहेत (रॅम, प्रोसेसरचं व्होल्टेज आणि बोर्डावरचा सेल) आणि ती एकमेकांत मिसळली आहेत. मल्टिप्लायर, व्होल्टेज आणि रॅम असं सगळं एका बैठकीत बदलल्यामुळे कोणतं लक्षण कशाचं हे तुम्हालाच काय, कुणालाच सांगता येणार नाही. मी २००४ पासून अकोल्यात मशीन जोडण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. प्रोसेसर तापतोय, प्रोसेसर कमजोर आहे म्हणून माझ्याकडे आलेल्या जुन्या ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे मूळ स्पीडच्या वर पळवलेल्या, मशीनपैकी बऱ्याच मशीनमध्ये शेवटी चूक रॅमची निघाली. तुमचं वाचूनही माझा पहिला संशय तिथेच जातो.

दोन कोड पाहा. प्रोसेसरने स्वतःच्या आत चूक पकडली आणि ती त्याला निस्तरता आली नाही की १२४ येतो. ओव्हरक्लॉक केलेल्या २५००केवर तो आला तर त्या स्पीडला व्होल्टेज पुरत नाही असं आधी धरायचं. १ए म्हणजे मेमरीचा हिशेब जुळत नाही. रॅममध्ये ठेवलं एक आणि परत वाचताना मिळालं दुसरं, असं झालं की हा कोड हमखास दिसतो. बिघडलेल्या ड्रायव्हरनेही १ए येऊ शकतो, म्हणून नुसत्या कोडवर मी शिक्का मारत नाही. पण तुमची रॅमची जोडी आणि चालू केलेलं एक्सएमपी त्याच्या शेजारी ठेवलं की चित्र बरंच स्पष्ट होतं. या अवस्थेत प्रोसेसरचं व्होल्टेज वाढवणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

एक्सएमपी म्हणजे काय, तर रॅम बनवणाऱ्याने स्टिकवरच्या छोट्या चिपमध्ये लिहून ठेवलेली जास्त स्पीडची सेटिंग. तुमच्या १६००च्या स्टिकमध्ये ती आहे. १३३३च्या साध्या हिरव्या स्टिकमध्ये ती बहुधा नाहीच. पण बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं की बोर्ड दोन्ही स्टिक एकाच स्पीडला आणि एकाच टायमिंगला (कामासाठी मिळणारे घड्याळाचे टप्पे) चालवतो. दोन स्टिक दोन वेगवेगळ्या स्पीडला चालवण्याची सोयच नसते. म्हणजे १३३३च्या स्टिकला तुम्ही १६०० आणि ९-९-९-२४ वर पळायला लावलंय. तिने तसं वचन कधी दिलेलं नव्हतं.

थोडा हिशेब करू, कारण इथेच तुमचा मार्ग दडलेला आहे. १३३३ रॅमचं खरं घड्याळ ६६७ मेगाहर्ट्झचं, म्हणजे एक टप्पा दीड नॅनोसेकंदाचा. सीएल (टायमिंगमधला पहिला आकडा) ९ म्हणजे असे नऊ टप्पे: १३.५ नॅनोसेकंद. एवढा वेळ मिळाला तर ती चिप मागितलेली माहिती काढून देते. १६०० ला घड्याळ ८०० मेगाहर्ट्झचं, टप्पा १.२५ नॅनोसेकंदाचा. तिथेही सीएल ९ ठेवलं तर हातात उरतात ११.२५ नॅनोसेकंद. जिला १३.५ लागतात तिच्याकडून तुम्ही सव्वा अकरात काम मागताय. कधी ती देते, कधी चुकते. तेच १६०० ला सीएल ११ ठेवलं तर ११ गुणिले १.२५, म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. आता तिला तिच्या सवयीपेक्षा किंचित जास्तच वेळ मिळाला. म्हणून अशा बेमेळ जोडीला मी एक्सएमपी लावत नाही. स्पीड १६०० आणि टायमिंग ११-११-११-२८ हाताने भरतो, व्होल्टेज १.५ वरच ठेवतो. निम्म्याहून अधिक वेळा जमतं. नाही जमलं तर ती स्टिक १६०० ला लायक नाही एवढाच त्याचा अर्थ. मग दोन्ही १३३३ वर, ९-९-९-२४ ठेवायच्या आणि त्यावर समाधान मानायचं. सँडी ब्रिजला, म्हणजे तुमच्या प्रोसेसरच्या पिढीला, इंटेलने अधिकृतपणे दिलेला वरचा स्पीड तसाही १३३३च आहे.

टायमिंगमधला एक आकडा लोक बघतच नाहीत, तो म्हणजे टीआरएफसी. रॅमची चिप ठरावीक वेळाने स्वतःला ताजी करते, त्यासाठी तिला मिळणारी ही सवड. तुमच्या चार जीबीच्या स्टिकवर दोन्ही बाजूंच्या मिळून १६ काळ्या चिप असतील तर त्या प्रत्येकी दोन गिगाबिटच्या आणि त्यांना १६० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे १६०० ला १२८ टप्पे. एकाच बाजूला आठच चिप असतील तर त्या चार गिगाबिटच्या, त्यांना २६० नॅनोसेकंद, म्हणजे २०८. तुमच्या दोन स्टिक या बाबतीत वेगळ्या असू शकतात. बोर्डाने एक्सएमपीच्या स्टिकचा आकडा उचलून दोघींना लावला असेल तर दुसरी बिचारी मरते. स्टिक हातात घ्या, चिप मोजा आणि जास्त असलेला आकडा दोघींना द्या.

आता स्लॉट. बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर शेजारचे दोन स्लॉट एकाच चॅनलचे (रॅम आणि प्रोसेसरमधली वाट) असतात. तुम्ही लिहिल्याप्रमाणे दोन्ही स्टिक पहिल्या दोन स्लॉटमध्ये असतील तर तुमचं मशीन आजवर सिंगल चॅनलवर चाललंय. सीपीयू-झेड हा प्रोग्राम उघडा, मेमरीच्या पानावर चॅनलसमोर काय लिहिलंय पाहा. सिंगल दिसलं तर मशीन बंद करून स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. बोर्डाच्या पुस्तिकेत वेगळं सांगितलं असेल तर पुस्तिकेचं ऐका. १३३३च्या एका चॅनलला सेकंदाला १०.६ गिगाबाइटची वाट मिळते, दोन चॅनलना २१.३ची. १३३३ वरून १६०० ला गेल्यावर ती २५.६ होते. म्हणजे ज्या एक्सएमपीसाठी एवढा खटाटोप केला त्याने पाचवा हिस्सा वाढतो आणि स्टिक दोन बोटं सरकवली की दुप्पट. गेममध्ये अर्थात दुप्पट फरक दिसत नाही, पण मधूनच बसणारे झटके कमी झालेले जाणवतात.

मी रॅमबद्दल एवढं का ताणतोय, ते सांगतो. २०१३ च्या सुमाराला लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ग्राहकाचं २५००के मी ४.४ वर नेऊन दिलं. प्रोसेसर बारा तास तपासला. रॅम एक्सएमपीवर टाकली आणि ती चालली म्हणून तिला तपासलंच नाही. मशीन महिना-दीड महिना एकदाही हँग झालं नाही. मग ते एके दिवशी हार्ड डिस्क घेऊन आले. स्क्रीनवर फोटो उघडला. नवरीच्या हनुवटीपर्यंत सगळं ठीक, आणि तिथून खालचं चित्र दोन बोटं उजवीकडे सरकलेलं, त्यावर हिरवट-राखाडी पट्टे. मुंडावळ्या वर एका जागी आणि हार भलत्याच जागी. असे एकोणीस फोटो. कॅमेऱ्याची कार्डं केव्हाच फॉरमॅट होऊन पुढच्या लग्नात वापरली गेली होती. कार्डावरून डिस्कवर येताना फाइल रॅममधून गेली आणि तिथे एखाद-दुसरा बिट पालटला, एवढंच झालं होतं. ते फोटो परत आले नाहीत. त्या नवरीच्या घरी मी त्या फोटोग्राफरसोबत गेलो होतो. त्या दिवसापासून माझ्या दुकानातून रात्रभर रॅम तपासल्याशिवाय एकही वाढवलेलं मशीन बाहेर गेलेलं नाही.

प्रोसेसर चुकला तर मशीन बहुतेक वेळा पडतं आणि तुम्हाला कळतं. रॅम चुकली तर मशीन चालू राहतं आणि चुकीचं लिहून ठेवतं. तुम्ही हँग होण्याला घाबरताय, पण त्या पाऊण तासात मशीन हँग न होता डिस्कवर काय काय लिहून गेलंय, त्याची मला जास्त काळजी वाटते. म्हणून आज पहिलं काम हे करा: कामाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा, आणि त्यासाठी तुमची डेटाची डिस्क दुसऱ्या मशीनला जोडा. या मशीनवरून काढलेली प्रत भरवशाची नाही. मग चाचण्या संपेपर्यंत डेटाच्या डिस्कची केबल काढून ठेवा.

त्यानंतर बटन सेल बदला. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल, किराणा दुकानातही मिळतो. सेटिंग पुसली जातात ते बहुधा त्याच्यामुळेच. नवा सेल तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, तुमचा मल्टीमीटरवर २.७ किंवा त्याखाली दिसला तर नवल नाही. याचा ओव्हरक्लॉकिंगशी संबंध नाही असं वाटेल, पण आहे. सेल मेला की बायोस मूळ सेटिंगवर जातो, तुम्ही विसरता, मशीन दोन दिवस छान चालतं आणि तुम्हाला वाटतं परवाचा आकडा बरोबर होता. नवा सेल टाकल्यावर बायोसमधून मूळ सेटिंग लोड करा आणि तारीख-वेळ लावा.

आता रॅमची परीक्षा. मेमटेस्ट ८६ प्लस फुकट मिळतो, पेनड्राइव्हवर टाकून विंडोजशिवाय चालतो. प्रोसेसर मूळ सेटिंगवर, एक्सएमपी बंद. आधी एकच स्टिक लावून किमान दोन फेऱ्या, मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी. स्लॉट तोच ठेवायचा, नाहीतर दोष स्टिकचा की स्लॉटचा हे कळणार नाही. सोन्याच्या रंगाचे संपर्क काळवंडले असतील तर साध्या खोडरबरने हळूच पुसा आणि कण झटका. जुन्या मशीनमध्ये एवढ्यानेच काम होताना मी कितीदा पाहिलंय. दोन्ही सुट्या स्टिक स्वच्छ निघाल्या की दोघी दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावून १६००, ११-११-११-२८, कमांड रेट २टी, रॅमचं व्होल्टेज १.५ हे भरा आणि रात्रभर सोडा. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य हवं. चार लाखांत एक चूक चालेल का असं एका मुलाने विचारलं होतं. नाही चालत. एकही नाही.

१६०० वर थोड्याच चुका येत असतील तर मेमरी कंट्रोलरचं व्होल्टेज, ज्याला बोर्डावर व्हीसीसीआयओ किंवा व्हीटीटी म्हणतात, ते मूळ १.०५ वरून १.१० करून एकदा पाहता येतं. त्यापुढे मी जात नाही. रॅमचं व्होल्टेज १.६५ पर्यंत रेटणारे पुष्कळ आहेत आणि त्या काळात तशा स्टिक सर्रास विकल्याही गेल्या. पण या प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर त्याच्या पोटातच आहे आणि इंटेलने तो दीड व्होल्टच्या रॅमसाठी बनवलाय. स्टिक गेली तर दुसरी मिळेल. कंट्रोलर गेला तर प्रोसेसरच गेला.

इथपर्यंत दोन-तीन रात्री जातील. त्या वाया गेल्या असं समजू नका. आता तुमच्याकडे पक्की जमीन आहे. यापुढे मशीन पडलं तर दोष रॅमचा नाही, हे तुम्ही छातीठोक सांगू शकाल.

प्रोसेसरकडे वळताना एक जुनी सवय सोडावी लागते. कोअर २च्या काळात, म्हणजे क्यू ६६००सारख्या प्रोसेसरवर, मल्टिप्लायर वर नेता येत नसे. २६६ची बस (म्हणजे मूळ घड्याळ) ३३३ केली की नऊच्या मल्टिप्लायरने २.४चं ३.० होई, पण त्याच बसवर रॅमही लटकलेली असल्यामुळे तिचा स्पीडही वाढे आणि गुणोत्तर खाली आणावं लागे. ज्यांनी तो काळ पाहिलाय ते २५००केवरही आधी बेस क्लॉक, म्हणजे हेच मूळ घड्याळ, वाढवायला जातात. इथे तसं करू नका. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या या पिढीत १०० मेगाहर्ट्झच्या एकाच घड्याळावर पीसीआय एक्सप्रेस, साटा, सगळंच बांधलेलं आहे. १०३ ते १०५ च्या पुढे काही ना काही कोलमडतं, आणि ते काही ना काही तुमची हार्ड डिस्क असू शकते. बेस क्लॉक १०० वर ठेवा आणि विसरा. ऑटो असेल तर हाताने १०० लिहा. के अक्षराचा प्रोसेसर आहे, मल्टिप्लायर मोकळा आहे, तेवढाच फिरवायचा.

आणि तो ४५ वर नको, ४२ वर थांबवा, हा माझा सल्ला. तुमच्या प्रोसेसरवर ३.३ लिहिलंय, टर्बोत ३.७ म्हणतात, पण ते एकाच कोअरवर काम असताना. चारही कोअर राबताना मूळ टर्बो ३.४ चा. ४.२ म्हणजे त्यावर जवळपास २४ टक्के वाढ. ४.५ म्हणजे ३२ टक्के. आता उष्णतेकडे बघा. प्रोसेसर खातो ती वीज स्पीडच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. मूळ व्होल्टेज १.२० धरलं तर ४.२ ला १.२५ व्होल्टवर वीज साधारण १.३४ पट होते. ४.५ ला १.४० वर ती १.८ पट. म्हणजे शेवटच्या सात टक्के स्पीडसाठी तुम्ही तिसऱ्या हिश्शाने जास्त उष्णता विकत घेताय. प्रत्येक प्रोसेसरचा स्वभाव वेगळा असतो. काही २५००के ४.५ ला १.३० वरही शांत चालतात, काही ४.३ लाच कुरकुरतात. तुमचा सेकंडहँड आहे, आधीच्या मालकाने त्याला काय पाजलं होतं माहीत नाही. कुणाचा तरी व्हिडिओतला १.४० म्हणजे कुणाच्या तरी प्रोसेसरचा चष्म्याचा नंबर.

सेटिंग अशी. सर्व कोअरचा मल्टिप्लायर ४२. व्होल्टेज आधी फिक्स्ड किंवा मॅन्युअल, १.२५. लोड-लाइन कॅलिब्रेशन मधलं ठेवा. प्रोसेसरवर काम आलं की व्होल्टेज मुद्दाम थोडं खाली येऊ दिलेलं असतं, हे सेटिंग ते खाली येणं कमी करतं. फार कडक ठेवलं तर काम अचानक थांबताना व्होल्टेज उसळी मारतं, आणि ती उसळी कोणत्याही सॉफ्टवेअरला दिसत नाही. काही बोर्डांवर लेव्हल १ सर्वांत कडक असते, काहींवर सर्वांत सौम्य, तेव्हा पुस्तिका बघूनच निवडा. पीएलएल ओव्हरव्होल्टेज बंद, ४.५ च्या खाली त्याची गरज नसते आणि त्याच्यामुळे स्लीपमधून मशीन न उठण्याची तक्रार येते. स्पीडस्टेप आणि सी१ई चालूच ठेवा, रिकामं असताना प्रोसेसर १.६ वर उतरतो आणि थंड राहतो.

विंडोजमध्ये प्राइम ९५ या प्रोसेसरला ताण देणाऱ्या प्रोग्रामची स्मॉल एफएफटी चाचणी तासभर चालवा, शेजारी तापमान उघडं ठेवा. पडलं तर व्होल्टेज ०.०१ ने वाढवा, पुन्हा. १.३५ ही माझी रोजच्या वापरासाठीची भिंत, ४२ ला तिथपर्यंत जावं लागलं तर ४१ वर या. ती निभावली की त्याचीच ब्लेंड चाचणी सहा-आठ तास, त्यात रॅम आणि प्रोसेसर दोघेही एकत्र ताणले जातात. आणि एक गोष्ट बहुतेक जण सोडतात: चाचणीनंतर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून डब्ल्यूएचईए-लॉगरचा इव्हेंट १९ शोधा. प्रोसेसरने चूक केली आणि स्वतःच दुरुस्त केली, अशी ती नोंद असते. मशीन पडलेलं नसतं, पण व्होल्टेज काठावर आहे हे तिथे लिहिलेलं असतं. अशा नोंदी दिसल्या तर आणखी ०.०१ ते ०.०२ द्या. सगळं स्थिर झालं की फिक्स्ड सोडून ऑफसेटवर (प्रोसेसरच्या मूळ व्होल्टेजमध्ये ठरावीक अधिक-उणे) जा आणि पूर्ण ताणाखाली आधीएवढंच व्होल्टेज येईल असा ऑफसेट शोधा. ऑफसेट फार उणे केला तर ताणाखाली चालतं आणि ब्राउझर उघडून बसलात की पडतं, कारण रिकाम्या वेळचं व्होल्टेजही त्याने खाली जातं.

तापमानाबद्दल पुण्या-मुंबईकडच्यांपेक्षा मी जास्त कडक आहे, त्याला कारण आमचा मे महिना. इथे ४४-४५ अंश नवे नाहीत, बंद खोलीत दुपारी ४० असतात. कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेच्या वरच ठेवू शकतो, खाली नाही. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत प्राइमवर ७० दिसले तर मे महिन्यात त्याच मशीनवर ८८ ते ९० धरा. २५००के ९८ अंशांना स्वतःचा स्पीड कापायला लागतो. म्हणून मी थंडीत ६८ ते ७० च्या वर जाणारी सेटिंग ग्राहकाला देत नाही. तुमचं गाव कोणतं ते तुम्ही लिहिलं नाही. कोकणात असाल तर उष्णतेपेक्षा दमट हवा आणि गंजलेले संपर्क यांकडे जास्त लक्ष द्या. पेस्ट किती जुनी आहे तेही बघा, दहा वर्षांची पेस्ट खडूसारखी भुगा होऊन निघते. शिवाय टॉवर कूलरची हवा आडवी जाते. इंटेलचा मूळ पंखा खाली फुंकायचा, त्यामुळे सॉकेटच्या बाजूच्या वीज देणाऱ्या भागालाही वारा लागायचा. तो आता लागत नाही. कॅबिनेटच्या मागचा पंखा चालू आहे ना, हे खात्रीने पाहा.

एसएमपीएसचं मात्र मला सगळ्यात कमी आवडलं. त्याच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या ओळीखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. ४५० वॅट मोठ्या अक्षरात आणि १२ व्होल्टवर १८ अँपिअर, असे पुष्कळ येतात. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट, बस. तुमचं कार्ड १२० वॅटचं आहे, ४.५ वरचा प्रोसेसर ताणाखाली सव्वाशे-दीडशे सहज ओढतो, झाली बेरीज. मग गेममध्ये पडणारं मशीन मेमटेस्टमध्ये रात्रभर चालतं आणि माणूस रॅम-प्रोसेसर करत बसतो. १२ व्होल्टवर ३० अँपिअरच्या आसपास असलेला चांगल्या कंपनीचा एसएमपीएस नसेल तर प्रोसेसरला हात लावण्याआधी पैसे तिथे घाला. पुढच्या मशीनमध्येही तो चालेल.

रॅमवर मात्र नवे पैसे घालू नका. विंडोज १०चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही, तेव्हा या मशीनवर किती खर्च करायचा याला मर्यादा आहे. बेमेळ जोडीने फारच छळलं तर १६००ची, एकाच कंपनीची, एकाच क्रमांकाची दोन स्टिकची जुनी जोडी शोधा. घेताना मेमटेस्टची एक फेरी दुकानातच चालवून मागा, खरा विक्रेता नाही म्हणत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर आज रात्री फक्त तीन गोष्टी केल्या असत्या: फाइलींची प्रत, नवा सेल, आणि एका स्टिकवर मेमटेस्ट. मल्टिप्लायरचं पान उघडलंही नसतं. सकाळी १३३३च्या स्टिकवर लाल ओळी दिसल्या की नाही, आणि दिसल्या तर एकटी असतानाच दिसल्या की जोडीने लावल्यावर, हे कळवा. त्यासोबत एसएमपीएसच्या स्टिकरवरचे अँपिअर आणि दोन्ही स्टिकवरच्या चिपची संख्या लिहा. पुढचे आकडे त्यावरून ठरवू.